चाळिसावं घर

माणसानं पन्नाशीनंतर काय काय करू नये याची यादी भाऊसाहेबांना तोंडपाठ होती, कारण त्यांची बायको ती वरचेवर म्हणून दाखवायची. माळ्यावर चढू नये, स्वतःच्या हातानं मिशीला रंग लावू नये, दुसऱ्याच्या भांडणात मध्यस्थी करू नये, वगैरे. यादीत पदव्युत्तर शिक्षण नव्हतं. ते बिचारीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ही पळवाट हेरून भाऊसाहेबांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी 'तंत्रज्ञान आणि आंतरराष्ट्रीय विकास' या विषयाच्या पदवीला नाव घातलं.

भाऊसाहेब पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. तक्रारींची वही त्यांच्या ताब्यात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांचे कोरडे नळ निळ्या शाईनं लिहून घेतले होते. साहेब बदलत गेले, दर वेळी आणखी तरुण येत गेले. प्रत्येक जण म्हणायचा, "भाऊसाहेब, तुम्ही म्हणजे खात्याचा आधारस्तंभ." आणि स्तंभ जागचा हलवायचा नसतो म्हणून बढती दुसऱ्याला द्यायचा. नवीन नियम आला की विकास अधिकारी व्हायला ही अशी पदवी लागते. भाऊसाहेबांनी ते मनाला लावून घेतलं. एवढंच नव्हे, तर दारावर नवीन पाटी करून घेतली आणि नावापुढे चार बोटं जागा कोरी सोडायला सांगितली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज जिना उतरताना त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवायचे आणि विचारायचे, "काय, भरली का?"

ती भरायला दोन वर्षं लागायची, चार झाली. एकदा भाऊसाहेबांना काविळीनं धरलं. एकदा घरबसल्या परीक्षा देताना कॅमेऱ्यानं भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघून 'खोलीत दोन माणसं आहेत' असा शेरा मारला आणि पेपर रद्द केला. वडील जाऊन वीस वर्षं झाली, असा अर्ज दाखल्यासह पाठवला, तर विद्यापीठानं कळवलं की दुसऱ्या माणसाची स्थिती काय आहे याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. आता हे शेवटचं सत्र होतं. यापुढे मुदत नाही, असं स्पष्ट कळवलेलं. प्रकल्प पुरा झाला तर पदवी, नाहीतर कोरी पाटी आणि जन्मभर पोस्टमास्तर.

प्रकल्प साधा होता. भाऊसाहेबांच्या गाईडबाई दोन समुद्रांपलीकडे राहायच्या आणि पडद्यावर दिसायच्या. मूळच्या आपल्याच भाषेतल्या, त्यामुळे रागावल्या की नीट समजायचं. त्यांच्या सल्ल्यानं ठरलं की चाळीस घरांना रोज यंत्र आपोआप फोन करणार आणि तीन प्रश्न विचारणार. आज पाणी आलं का? होय असेल तर एक दाबा, नाही तर दोन. घरात आज किती माणसं आहेत? तेवढा आकडा दाबा. तुमची तक्रार मिटली असं समजायचं का? होय एक, नाही दोन. हे महिनाभर. उत्तरं आपोआप तक्त्यात येऊन पडणार आणि त्यावर भाऊसाहेब प्रबंध लिहिणार.

प्रश्नांना आवाज हवा होता. यावर सगळ्या इमारतीनं मत दिलं. पोस्टमास्तर म्हणाले, "आवाजात अधिकार पाहिजे. माझा घ्या." बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तक्रारवाल्यांशी बोलता तो आवाज नका लावू. मांजराशी बोलता तो लावा." रस्त्याचा गोंगाट नको म्हणून अखेर भाऊसाहेब कपाटात शिरले, दार आतून ओढून घेतलं आणि लोकरी कपड्यांत बसून त्यांनी मोबाइलवर तीन प्रश्न बोलून घेतले. ऐकून बघितलं तर आवाज स्वच्छ होता, फक्त कुठल्यातरी बंद खोलीत फार दिवस बसलेल्या माणसाचा वाटत होता. फोन करायची वेळ त्यांनी दुपारी चारची ठेवली. चारच का, हे त्यांना सांगता आलं नसतं. तोंडात बसलेली वेळ होती ती.

आता घरं. विद्यापीठाची एक नैतिकता समिती होती आणि प्रत्येक घराचं सही केलेलं संमतीपत्र तिला हवं होतं. एकोणचाळीस घरांनी सह्या दिल्या. त्यासाठी भाऊसाहेबांनी काय सोसलं ते त्यांच्या चपलांना ठाऊक. चाळिसावं घर काही मिळेना आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तेव्हा त्यांनी ऑफिसातली तक्रारींची एक जुनी वही काढली, मधलं कुठलंतरी पान उघडलं, तिथला पहिला नंबर आणि पत्ता उतरवून घेतला आणि खाली स्वतःच सही केली. खात्यात याला खोटेपणा म्हणत नसत. याला 'पूर्तता' म्हणत. नंबर जुन्या घरगुती फोनचा, तारेचा. तो केव्हाच बंद पडला असणार, तक्त्यात 'प्रतिसाद नाही' असं येणार आणि समिती खूश राहणार, असा त्यांचा हिशोब होता.

झालं उलटंच. एकोणचाळीस घरांनी पहिल्या आठवड्यातच वात आणला. एका घरात रोज नव्याण्णव माणसं असायची. एक गृहस्थ आकडा दाबायच्या ऐवजी यंत्राला ओरडून सांगायचे, "लिहून घ्या, दोन!" एक बाई दुसऱ्या प्रश्नाला चिडायच्या, की माझ्या घरात किती माणसं आहेत ते तुम्हाला कशाला हवं, आणि मग यंत्राशी अर्धा तास भांडायच्या. आणि चाळिसावं घर? ते दुसरी घंटा वाजायच्या आत फोन उचलायचं. रोज. पाणी आलं का? दोन. माणसं किती? एक. तक्रार मिटली का? दोन. न चुकता, न थकता, चार वाजून शून्य मिनिटांनी.

पहिल्यांदा भाऊसाहेबांना आनंदच झाला. दुसऱ्यांदा जरा कमी झाला. आठव्या दिवशी त्या ओळीकडे बघताना त्यांच्या पाठीवरून काहीतरी गार सरकत गेलं. पंखा बंद होता.

गाईडबाई मात्र हरखल्या. "असा प्रतिसाद मी वीस वर्षांत पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "त्या घरी जा. त्या व्यक्तीची मुलाखत घ्या. तुमच्या प्रबंधाचा कणा आहे ती." त्याच दिवशी समितीचंही पत्र आलं. एकोणचाळीस सह्या खऱ्या होत्या, त्यामुळे वेड्यावाकड्या होत्या. चाळिसावी तेवढी हेडक्लार्कच्या वळणाची, सुबक. समितीला ती पाहून शंका आली. घर क्रमांक चाळीसचं नवीन संमतीपत्र, राहणाऱ्या व्यक्तीच्या हस्ताक्षरात, महिना संपायच्या आत सादर करावं, अन्यथा अभ्यास रद्द.

भाऊसाहेब आधी टेलिफोनच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी नंबर बघितला, मग भाऊसाहेबांना बघितलं.

"हा कुणालाच दिलेला नाही. त्या भागातलं केंद्र बंद होऊन नऊ वर्षं झाली. तारा पण काढून नेल्यात."

"पण लागतो ना."

"नाही लागत."

"अहो, रोज चारला लागतो. समोरचं माणूस बटणं दाबतं."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

"हीच. बंद नंबर लागतो."

बाईंनी फॉर्मांची चळत चाळली. "नंबर लागत नाही याचा फॉर्म आहे. चुकीचा लागतो याचा आहे. बंद नंबर बरोबर लागतो, याचा नाही." आणि खिडकी लावून घेतली. ती लावताना त्यांनी पुन्हा एकदा भाऊसाहेबांकडे बघितलं, या वेळी जरा मायेनं, आणि भाऊसाहेबांना तेच जास्त लागलं.

पत्ता सापडायला त्रास पडला नाही. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना एकमजली घरं. चाळिसाव्याच्या दाराला कुलूप, कुलपावर गंज. खिडकीची काच आतून धुळीनं पांढरी. समोरच्या घरात शिवणाचं मशीन चालू होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पाय न थांबवता विचारलं, "कोण हवंय?"

"इथे कोण राहतं?"

"आजी होत्या. एकट्याच. त्या जाऊन दहा वर्षं झाली. पुतण्या लांब असतो, तो कुलूप घालून गेला तो गेलाच."

भाऊसाहेबांनी घाम पुसला. माणूस वारला तरी फॉर्म द्यायचा राहता कामा नये, हे सरकारी रक्त. त्यांनी कोरं संमतीपत्र काढलं, पेन्सिलीनं सहीच्या जागी फुली केली आणि दाराच्या फटीतून आत सरकवलं. मग गुडघे दुखले म्हणून घटकाभर उंबऱ्यावर बसले. दुपार होती. गल्लीत ऊन होतं, पण पाठीला लागलेलं दार गार होतं. दाराच्या आतल्या अंगाला टेकून कुणीतरी असंच बसलंय, असं त्यांना सारखं वाटत राहिलं. ते उठले आणि, शिवणवाल्या बाईंच्या भाषेत सांगायचं तर, पाय लावून पळाले.

संध्याकाळी तक्ता उघडला. घर क्रमांक चाळीस. पाणी, दोन. माणसं, दोन.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आजवर तिथे रोज एक यायचा. मग त्यांची नजर सगळ्यात वरच्या ओळीकडे गेली. यंत्र नीट चालतंय ना हे बघायला त्यांनी स्वतःचं घर 'शून्य क्रमांक' म्हणून घातलं होतं. बायको रोज भाजी निवडता निवडता बटणं दाबायची. पाणी एक, माणसं दोन. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात ती दोघंच. आज शून्य क्रमांकापुढे माणसं होती एक.

"अगं, आज किती दाबलंस?"

"दोन. रोज दोनच दाबते. का?"

"इथे एक आलाय."

"तुमचं यंत्र तुमच्यासारखंच आहे," बायको म्हणाली. "सांगितलेलं ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. चाळिसाव्या घरात दोन, शून्य क्रमांकात एक. पोस्टमास्तरांना विश्वासात घेतलं, तर ते म्हणाले, "सोपं आहे. पत्र चुकीच्या पत्त्यावर जातं ना, तसं. तुम्ही तिकडे गेलात, परत आल्याची नोंद झाली नाही. जाऊन पोच घेऊन या." भाऊसाहेब हसले. पोस्टमास्तर हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात हजेरीच्या यंत्रानं भाऊसाहेबांचा अंगठा ओळखला नाही. यात नवल नाही, ते यंत्र साहेबांचाही ओळखत नसे. पण दुपारी चहावाला सगळ्या टेबलांवर कप ठेवत आला आणि भाऊसाहेबांचं टेबल ओलांडून पुढे गेला. "अरे!" म्हटलं तर दचकून म्हणाला, "तुम्ही आहात होय? दिसलाच नाहीत." संध्याकाळी जिन्यात पोस्टमास्तर समोरून आले, पाटीच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं आणि काही न विचारता वर गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. ज्या प्रश्नाचा भाऊसाहेबांनी एवढा राग राग केला, तो आज कुणी विचारावा म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला.

घरात शिरले तर बायकोनं एकच कप चहा केला होता. तिनं कपाकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, आज मी एक दाबलं," ती हळू आवाजात म्हणाली. "घरी किती माणसं म्हणाल्यावर बोट आपोआप एकावर गेलं. दाबल्यावर लक्षात आलं. असं कसं झालं हो?"

तेहतीस वर्षांच्या संसारात भाऊसाहेबांनी तिला असं घाबरलेलं बघितलं नव्हतं. ते स्वतः किती घाबरलेत हेही त्यांना तेव्हाच कळलं.

रविवार असूनही दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले आणि ती जुनी वही काढली. ज्या पानावरचा नंबर त्यांनी डोळे झाकून उतरवला होता, ते पान या वेळी वाचलं. तक्रार अकरा वर्षांपूर्वीची. 'नळास पाणी नाही. अर्जदार वृद्ध, एकटी.' खाली पुन्हा तीच तक्रार, दोन दिवसांनी. पुन्हा. एकंदर सतरा वेळा, सगळी त्यांच्याच अक्षरात. आणि सतराव्या नोंदीपुढे वर्षअखेरच्या तारखेचा शेरा, 'तक्रार निवारण झाली.' खाली सुबक सही.

त्यांना आठवलं. त्या वर्षी वरून हुकूम आला होता की वर्षअखेर एकही तक्रार प्रलंबित दिसता कामा नये. दिसू नये म्हणजे मिटवावी असा अर्थ कुणी घेतला नव्हता. भाऊसाहेबांनी एका दुपारी दोनशे बारा तक्रारी निवारल्या होत्या, खुर्चीवरून न उठता. 'शून्य प्रलंबित' असं प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते अजून बैठकीच्या खोलीत वडिलांच्या फोटोशेजारी लावलेलं होतं, आणि पाहुणा आला की बायको त्यावरची धूळ पुसायची.

त्यांनी गाईडबाईंना सगळं सांगितलं. माणसांच्या आकड्याचं नाही सांगितलं. तेवढी अब्रू त्यांना अजून होती. फक्त म्हणाले, "त्या घराचं पाणी मला सोडायचंय."

"आत्ता नाही," बाई म्हणाल्या. "नऊ दिवस राहिलेत. अभ्यास चालू असताना आपण हस्तक्षेप केला तर सगळी माहिती बाद होते. नऊ दिवसांनी खुशाल सोडा."

"नऊ दिवस त्या घरात पाणी नाही, हे लिहून घेत बसायचं?"

"तोच तर तुमचा विषय आहे, भाऊसाहेब."

पडदा काळा झाल्यावर त्यात भाऊसाहेबांना स्वतःचा चेहरा दिसायला हवा होता. खुर्चीची पाठ तेवढी नीट दिसली.

त्यांनी खात्यातले जुने व्हॉल्व्हवाले मामा गाठले. मामा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी किल्ली त्यांच्याच घरी होती. ती परत घ्यायचा फॉर्म खात्यात संपला होता. मामांनी पत्ता ऐकला आणि म्हणाले, "चिठ्ठी आणलीत?"

"मामा, निवृत्त माणसाला कसली चिठ्ठी?"

"चिठ्ठीशिवाय मी जन्मात व्हॉल्व्ह उघडला नाही. आता शेवटाला कशाला सवय मोडू?"

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली. तक्रार क्रमांक, पत्ता, 'तातडीचे'. हा शब्द त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून लिहिला. अक्षर वाकडं आलं.

साडेतीनला दोघं गल्लीत पोचले. मामांनी कोपऱ्यावरची फरशी उचलली, खाली किल्ली सोडली आणि मान हलवली. "नवी लाईन टाकली तेव्हा या एका घराचा जोड जुन्या लाईनीवर राहिला आणि जुनीचा व्हॉल्व्ह बंद केला. दीड फेऱ्याचं काम होतं, भाऊसाहेब. तेव्हा चिठ्ठी आली असती तर पाच मिनिटांत झालं असतं."

 

समोर शिवणाचं मशीन थांबलं. बाई दारात आल्या. "पाणी सोडताय? आत्ता?" मग म्हणाल्या, "आमच्याकडून बादली भरून न्यायच्या आजी. मी म्हणायची, बसा जरा, चहा घ्या. तर म्हणायच्या, नको गं, चार वाजत आले. ऑफिसातले साहेब म्हणालेत, चारला फोन करून कळवतो. रोज चारला जाऊन फोनपाशी बसायच्या. जाईपर्यंत."

भाऊसाहेब जाऊन त्या कुलूपबंद दाराच्या उंबऱ्यावर बसले. चारला फोन करून कळवतो. चारला ऑफिसात चहा यायचा. समोरच्या माणसाला वाटेला लावायचं असलं की हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं. किती जणांना म्हणाले असतील, गणती नव्हती. फोन मात्र कुणालाच केला नव्हता. अकरा वर्षांनी यंत्रानं केला. त्यांच्या आवाजात, बरोबर चारला. आणि दुसरी घंटा वाजायच्या आत उचलला गेला.

मामांनी किल्लीला जोर लावला. जमिनीखाली काहीतरी कण्हलं. गल्लीभर लांब घरघर पसरली आणि कुलूपबंद घराच्या आत एक नळ खोकला, थुंकला, पुन्हा खोकला. मग पाण्याची धार कसल्यातरी भांड्यात पडू लागली. आजींनी नळ उघडाच ठेवला होता, खाली भांडं लावून. धारेचा आवाज आधी खणखणीत होता, मग भांडं भरत गेलं तसा जड होत गेला, मग पाणी ओसंडू लागलं.

चार वाजले. आत फोन वाजला.

मामांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. शिवणवाल्या बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. पहिलीच घंटा अर्ध्यात तुटली आणि बंद दारामागून भाऊसाहेबांना स्वतःचा आवाज ऐकू आला, कपाटातला, लोकरी कपड्यांतला. "नमस्कार. पाणीपुरवठा खात्यातून बोलतोय. आज तुमच्याकडे पाणी आलं का?"

आत बटण दाबल्याचा बारीक आवाज झाला.

"घरात आज किती माणसं आहेत?"

इथे बराच वेळ काही झालं नाही. भाऊसाहेब पाठ दाराला लावून बसले होते, त्यांना उठता येईना. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आजी, माझं चुकलं. मला जाऊ द्या. घरी बायको एकटी आहे."

बटण वाजलं.

"तुमची तक्रार मिटली असं समजायचं का?"

भाऊसाहेब तिसऱ्या आवाजासाठी कान देऊन बसले, पण तो आलाच नाही. दाराखालून पाणी बाहेर आलं, थंडगार, आणि त्याबरोबर तरंगत एक कागद येऊन त्यांच्या चपलेला चिकटला. संमतीपत्र. पेन्सिलीच्या फुलीपुढे काहीतरी लिहिलेलं होतं, निळ्या शाईत. पाण्यानं ते फुटून पसरलं होतं. मग आत नळाची चकती किरकिरली आणि धार बंद झाली. दाराखालून येणारं पाणीही ओसरलं.

मामांनी फरशी जागेवर ठेवली, किल्ली खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "चिठ्ठी माझ्याकडेच ठेवतो. कुणी विचारलं तर." आवाज जरा बारीक झाला होता.

घरी आल्यावर भाऊसाहेबांनी तक्ता उघडला नाही. आधी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दोन कप होते. बायको म्हणाली, "या. पाय ओले कशानं केलेत?" आणि भाऊसाहेब, खात्याचा आधारस्तंभ, ओल्या चपलांसकट तिथेच उभे राहून हमसून हमसून रडले.

तक्त्यात घर क्रमांक चाळीसपुढे होतं, पाणी एक, माणसं एक, तिसरा रकाना रिकामा. शून्य क्रमांकापुढे माणसं दोन.

भाऊसाहेबांनी समितीला खरं काय ते लिहून टाकलं. पहिली सही माझी, दुसरी आजींची, पाणी मी सोडलं. सोबत वाळवलेलं संमतीपत्र जोडलं. आठवड्यात उत्तर आलं. 'सही अस्पष्ट. अभ्यास रद्द.' फोन करणारं यंत्र विद्यापीठानं त्याच दिवशी बंद केलं. गाईडबाई पडद्यावर येऊन म्हणाल्या, "तुम्ही चांगला प्रबंध घालवलात, भाऊसाहेब." त्यात राग होता, पण नुसता राग नव्हता.

प्रशस्तिपत्र त्यांनी भिंतीवरून काढलं. दोनशे बारा तक्रारींपैकी दोनशे अकरा राहिल्या होत्या. जुनी वही बगलेत मारून रोज संध्याकाळी एक पत्ता शोधत ते हिंडू लागले. साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या नियमात बसतं?" भाऊसाहेब म्हणाले, "कुठल्याच नाही." पोस्टमास्तरांनी पाटीवर बोट फिरवून विचारलं, "काय, भरली का?" आणि भाऊसाहेबांनी त्यांना चक्क मिठी मारली. पोस्टमास्तर दोन दिवस जिना उतरले नाहीत.

यंत्र बंद होऊन तीन दिवस झाले होते. भाऊसाहेब रजा काढून घरीच होते, पाय सुजले होते. बायको भाजी निवडत होती. तिचा फोन वाजला. ती "हो", "हो", "दोघं" असं काहीबाही बोलली, हसली आणि फोन ठेवला.

"कोण होतं?"

"कुणी आजी होत्या. तुमच्या त्या यंत्रासारखंच विचारत होत्या. पाणी आलं का? म्हटलं, आलं. घरी किती माणसं? म्हटलं, दोघं. बरं झालं म्हणाल्या."

भाऊसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दोन मिनिटं.

"आणखी काय म्हणाल्या?"

"विचारत होत्या, काही तक्रार आहे का. म्हटलं, आजी, वेळ आहे का तुम्हाला? तेहतीस वर्षांची यादी आहे." बायकोनं भाजीचे देठ बाजूला केले. "म्हणाल्या, आज राहू दे, उद्या चारला फोन करते. आणि करतील हो. शब्दाच्या पक्क्या वाटल्या."